गाडी रस्त्यात थांबते तेव्हा

कापडाच्या व्यापारानिमित्त इचलकरंजी ते मुंबई हा प्रवास मी गेली २७ वर्षे करीत आलो आहे. रोजमेळात एका रुपयाचाही फरक खपवून न घेणारी आपली माणसे स्टेपनीत हवा आहे की नाही, हे मात्र महिनोन्‌महिने पाहत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. माझ्या डिकीत जॅक, पाना, विजेरी, परावर्तक त्रिकोण आणि पाणी कायम असते. घरची मंडळी त्यास माझे छोटे दुकान म्हणतात.

चार वर्षांपूर्वी मुंबईहून परतताना रात्री नऊच्या सुमारास कऱ्हाडच्या अलीकडे आमच्या गाडीचे मागचे उजवे टायर फुटले. अशा वेळी ब्रेक एकदम दाबण्याचा मोह आवरावा लागतो. स्टिअरिंग घट्ट धरून, वेग आपोआप उतरू देत मी गाडी डाव्या कडेला घेतली आणि चारही इंडिकेटर लावले. पुतण्या म्हणाला, "काका, मागे नमुन्यांचे गठ्ठे आहेत, वसुलीची पेटी आहे. मी गाडीतच बसतो."

त्याचे म्हणणे व्यापाऱ्याच्या मुलास शोभणारेच होते. तरीही मी सर्वांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभे केले. पेटी गाडीतच राहिली. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. पेंगुळलेल्या चालकास, समोरची गाडी उभी आहे हे उमगेपर्यंतच तेवढे अंतर सरते. म्हणूनच त्रिकोण गाडीला खेटून ठेवण्यात अर्थ नसतो. मी कठड्याच्या आतून शंभर पावले मागे चालत जाऊन तो ठेवला.

चाक वाहत्या रहदारीच्या बाजूचे असल्याने ते स्वतः बदलण्याचा विचारही केला नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. जवळचा किलोमीटरचा दगड वाचून ठिकाण नेमके सांगितले, हे फार उपयोगी पडले. पाऊण तासाने गस्तीची गाडी आली. त्या माणसांनी मागे शंकू मांडले, पुढच्या चाकास दगड लावला आणि स्टेपनी चढवली.

निघताना तो दगड मी उचलून कठड्यापलीकडे टाकला. असे कितीतरी दगड काम झाल्यावर रस्त्यातच राहतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास अंधारात दिसत नाहीत. दुसऱ्याच दिवशी सुताराकडून दोन लाकडी ठोकळे करवून घेतले. पुतण्याने त्यांना दोरी बांधून ती जॅकला अडकवली आहे. जॅक उचलला की ठोकळेही बरोबर येतात.