आज काय आहे?

‘आगामी कार्यक्रम’ या मथळ्याची ई-मेल तुमच्यापैकी बऱ्याच जणांना गेली तीन वर्षं माझ्याकडून येते आहे. नाटक, व्याख्यान, एखादं प्रदर्शन. तारीख, वेळ, हॉलचा पत्ता आणि शेवटी ‘कृपया लवकर नोंदणी करावी’ ही विनवणी. कार्यक्रम समितीत कुणी कुठलं काम घ्यायचं हे ठरत असताना मी चहा आणायला उठले होते, तेवढ्यात हे काम माझ्या गळ्यात पडलं. आज त्या मेलबद्दलच लिहायचं आहे. ती मी कुणासाठी लिहिते हे मला गेल्या वर्षीपर्यंत नीट ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बाबा आमच्याकडे पिस्कॅटवेला आले. वय अठ्ठ्याहत्तर. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत होते. सहा महिने राहायचं असं ठरलं होतं. पहिल्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, “आज काय आहे?”

मला वाटलं, नाश्त्याचं विचारताहेत. म्हटलं, “उपमा.”

“तसं नाही गं. कार्यक्रम काय आहे?”

पुण्यात वाढलेल्यांना हा प्रश्न लगेच कळेल. आमच्याकडे सकाळी पेपर आला की बाबा आधी ‘आजचे कार्यक्रम’चा रकाना उघडायचे. हातात लाल पेन्सिल. टिळक स्मारकला व्याख्यान, भरत नाट्य मंदिरात प्रयोग, बालगंधर्वच्या कलादालनात चित्रप्रदर्शन. दोन-तीन ठिकाणी खुणा व्हायच्या आणि बँकेतून आले की हातपाय धुऊन ते निघायचे, बहुतेक वेळा चालत आणि पुष्कळदा मला बोटाला धरून. एप्रिल-मेमधली वसंत व्याख्यानमाला म्हणजे तर घरचं कार्य. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही व्याख्यानमाला. बाबांचं म्हणणं असं, की तिथे विषय समजला नाही तरी चालतं, जाऊन बसायचं. मी नववीत असताना सहकारी साखर कारखान्यांवरचं एक अख्खं व्याख्यान ऐकलं आहे. शेवटी दिलेल्या भेळेमुळे ते अजून लक्षात आहे.

अशा माणसाला पिस्कॅटवेत मंगळवारी सकाळी सांगायचं काय? साठ हजारांवर वस्तीचं आमचं गाव, त्यात आपली माणसं भरपूर. ओक ट्री रोडवर गेलं तर अळूच्या पानांपासून उकडीच्या पिठापर्यंत सगळं मिळतं. पण घराबाहेर पडून, चालत, कुणाला न विचारता जाता येईल असा कार्यक्रम मात्र मिळत नाही. आमच्या रस्त्याला अर्ध्या अंतरावर फुटपाथच संपतो. बाबा तिथपर्यंत जायचे आणि परत यायचे. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, “तिकीट अलीकडचं करून मिळेल का, बघ.” आवाजात तक्रार नव्हती. त्याचंच मला जास्त लागलं.

मी त्यांना आमच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी दाखवली. त्यांनी ती पेन्सिल हातात घेऊन वाचली आणि म्हणाले, “म्हणजे महिन्याला एक.” मग मी त्यांना तो ‘एक’ कसा होतो ते सांगत बसले. मुंबईचं नाटक इथे आणायचं तर आधी कलाकारांसाठी पी-३ व्हिसाचा अर्ज. तो इथल्या संस्थेनं किंवा आयोजकानं करायचा असतो. त्यासोबत करार, दौऱ्याचं वेळापत्रक, ही कला आपल्या संस्कृतीची खास आहे हे सांगणारी जाणकारांची पत्रं, शिवाय कामगार संघटनेचा अभिप्राय. मग कलाकार शनिवार-रविवार करत गावोगावी फिरणार. नेपथ्य विमानातून येत नाही, ते फोटो पाहून इथले हौशी सुतार, म्हणजे एरवी संगणकावर बसणारी मंडळी, कुणाच्या तरी गराजमध्ये उभं करतात. शाळेचा हॉल तासावर. त्याला विम्याचं प्रमाणपत्र, सफाई कर्मचाऱ्यांचा ओव्हरटाइम, आत चहा न्यायचा नाही आणि दहाच्या आत दिवे बंद. बाबा सगळं ऐकून म्हणाले, “किर्लोस्करांना यातलं काही करावं लागलं नसणार. ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला पुण्यात, ३१ ऑक्टोबर १८८०ला. ऐन दिवाळीचे दिवस.” त्यांना अशा तारखा पाठ असतात. नदीपलीकडे न्यू ब्रन्सविकला स्टेट थिएटर दाखवायला नेलं, तर दारावर १९२१ वाचून म्हणाले, “संयुक्त मानापमानचं साल! बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी.” त्या संध्याकाळी ते बऱ्याच दिवसांनी भरभरून बोलले.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याची आठवण. त्या सुमारास आम्ही संगीत नाटकांवर एक व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते इथलेच, दोन तासांवर राहणारे, उत्तम गाणारे. मी तीन वेळा मेल पाठवली. नोंदणी झाली नऊ जणांची. गुरुवारी रात्री समितीची झूमवर बैठक झाली आणि हॉलचं भाडं अंगावर पडेल म्हणून कार्यक्रम रद्द करायचं ठरलं. मी जेवणाच्या टेबलावर बसून ‘कळवण्यास खेद होतो की’पर्यंत टाइप केलं होतं. बाबा पलीकडे वाटाणे सोलत होते.

“नऊ जण येणार आहेत ना? मग रद्द कसला?”

मी हिशेब सांगितला. ते म्हणाले, “हॉल मोठा आहे, छोट्या जागेत घ्या. कार्यक्रम का सोडता?” आणि मग त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ची हकिकत सांगितली. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्यला पहिला प्रयोग झाला. वादंग उठलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. करणारी पोरं पंचविशीची. ती बाहेर पडली, थिएटर अॅकॅडमी काढली आणि १९७४ साली नाटक पुन्हा उभं केलं. १९८०मध्ये ते युरोपात जाऊन आलं. “तिथे माणसांनी नाटक बंद पाडलं होतं,” बाबा म्हणाले. “तुमचं कुणी बंद पाडत नाहीये. तुम्हीच पाडताय.”

मला राग आला. पुण्यात बसून प्रेक्षक व्हायला काय जातं, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं, मेल पुसली आणि समितीतल्या एका ताईंना फोन केला. त्यांचं बेसमेंट मोठं आहे. सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, एक हार्मोनियम. रविवारी दुपारी तिथे बावीस माणसं आली.

ती कोण होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. नोंदणी केलेल्या नवांपैकी सातच आले. उरलेल्या पंधरांत बारा जण आपल्यापैकी कुणाकुणाचे आईवडील होते, सहा महिन्यांसाठी आलेले. ताईंनी ओळखीच्या घरी फोन फिरवले होते, म्हणून त्यांना कळलं. माझ्या मेलच्या यादीत त्यांची नावंच नव्हती. नोंदणीच्या फॉर्मवर मुलगा नाहीतर सून असते. तो फॉर्म पाहून त्यांना वाटतं, ‘या रविवारी सॉकर आहे, जमणार नाही.’ आणि घरात सोफ्यावर बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. बीडकडच्या एक आजी मला म्हणाल्या, “चार म्हैने झाले बाई, पैल्यांदाच घराभायेर बसले.” वक्त्यांनी नांदी गायली तेव्हा त्या मोठ्यानं रडल्या आणि मग इतरांनाही बांध राहिला नाही. व्याख्यान पाऊण तासाचं होतं, चाललं अडीच तास.

तीन वर्षं मी कमी प्रतिसादाबद्दल कुरकुर करत होते. ज्यांना दिवसभर कार्यक्रमाची वाट पाहायला वेळ होता, त्यांना मी कधी कळवलंच नव्हतं. माझ्या स्वतःच्या घरातला एक माणूस रोज सकाळी मला तेच विचारत होता.

दुसरी गोष्ट मुलाची. तो अकरावीत आहे. मराठी समजतं, बोलताना मात्र इंग्रजीत उत्तर देतो. बाबांशी त्याचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘हो’ एवढ्यावर थांबलेलं. बाबांनी येताना स्वेटर काढून बॅगेत एक फाइल घातली होती, ते मला बेसमेंटमधल्या त्या रविवारनंतर कळलं. पन्नास वर्षांची नाटकांची हँडबिलं आणि तिकिटांचे अर्धुकले. ‘कट्यार’, ‘घाशीराम’, ‘महानिर्वाण’, ‘तीन पैशाचा तमाशा’. गावातल्या ग्रंथालयात स्थानिक लोकांना काचेचं कपाट महिनाभर वापरायला मिळतं. ताईंनी अर्ज केला आणि जानेवारी मिळाला. चिठ्ठ्या इंग्रजीत हव्यात, म्हणून ते काम मुलाकडे आलं.

आधी त्यानं नाक मुरडलं. मग एका हँडबिलावर ‘प्रकाशयोजना’ शब्द दिसला आणि त्यानं अर्थ विचारला. तो शाळेच्या नाटकात दिव्यांचं काम करतो. मी ‘लायटिंग’ म्हटल्यावर तो आजोबांकडे वळला. तेव्हा डिमर कसे होते? रंगीत कागद कुठून आणायचे? बाबांना निम्मं इंग्रजी येईना, त्याला निम्मं मराठी. स्वयंपाकघरातला टॉर्च आणि दाण्याच्या चिक्कीचा लाल कागद घेऊन दोघं रात्री साडेअकरापर्यंत भिंतीवर उजेड पाडत बसले होते. तीन आठवडे रोज संध्याकाळी हेच. प्रत्येक कागदाची एक गोष्ट, प्रत्येक गोष्टीच्या इंग्रजीत दोन ओळी. त्या फाइलीत एका तिकिटामागे आईचं अक्षर होतं, ‘रांग मोठी आहे, मी आत जाते, तुम्ही या.’ त्याचं काय लिहायचं, हे मुलानं मला विचारलं नाही. त्यानं फक्त ‘आजी, पुणे’ एवढं लिहिलं.

प्रदर्शन म्हणावं एवढं ते मोठं नव्हतं. चार फळ्या. पण बाबा रोज अकरा वाजता तिथे जाऊन बसायचे. बेसमेंटमध्ये भेटलेले एक काका गाडी चालवतात, ते न्यायचे. तमिळ, गुजराती, चिनी मंडळी थांबून वाचायची. एका अमेरिकन बाईंनी त्यांना खुणेनं विचारलं, हे सगळं तुम्ही पाहिलंत? बाबा म्हणाले, “यस. फ्रॉम सेकंड रो.” हे ते मला घरी येऊन दोनदा सांगून गेले. तिकीट अलीकडे करण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

फेब्रुवारीत ते ठरल्याप्रमाणे परत गेले. फाइल त्यांनी इथेच ठेवली आहे, मुलाच्या कपाटात. आता रोज पुण्यातून व्हॉट्सअॅपवर ‘आजचे कार्यक्रम’ या रकान्याचा फोटो येतो, लाल खुणांसकट. आजकाल गुडघा दुखतो म्हणून खूण एकच असते. खाली मुलासाठी प्रश्न, “तुमच्याकडे काय आहे?” तो मराठीत उत्तर देतो. शुद्धलेखनाच्या चुका काढायला मी मधे पडत नाही.

आमच्या मेलमध्ये यंदा तीन बदल झाले आहेत, ते या निमित्तानं सांगते. एक, नोंदणीच्या फॉर्मवर आता ‘घरी आलेले आईवडील’ असा वेगळा रकाना आहे. त्यांचा फोन नंबर द्या, आम्ही थेट त्यांनाच फोन करू. दोन, ‘गाडीत जागा आहे’ आणि ‘गाडीत जागा हवी’ अशा दोन याद्या. पहिलीत सध्या सहा नावं आहेत, दुसरीत एकोणीस. ही तफावत तुम्हीच कमी करू शकता. तीन, नोंदणी कमी झाली तर कार्यक्रम छोट्या जागेत होईल, रद्द होणार नाही. बेसमेंट देऊ शकणाऱ्यांनी कळवावं. सतरंज्या आमच्याकडे आहेत.

येत्या वर्षी एक नाटक आणायचं आहे, व्हिसाचे कागद भरणं चालू आहे. दोन व्याख्यानं नक्की. आणि ग्रंथालयातलं कपाट पुन्हा मिळालं तर घरोघरच्या जुन्या पत्रिका, हँडबिलं आणि फोटो मांडायचा विचार आहे, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत काही टाकून देऊ नका. हॉलच्या तारखा मिळाल्या की मेल येईलच. ती उघडून, वाचून, घरात सोफ्यावर जे कुणी बसलं असेल त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.