चेस्ट नंबर उतरवल्यावर

बारावीला गणितात गुण कमी पडले तर पेपर अवघड होता असं घरी सांगता येतं. सीईटीत मागे पडलं तर क्लासला दोष देता येतो. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मुलाखतीहून हात हलवत परतलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मात्र बोट ठेवायला अशी जागा सापडत नाही. पाच दिवस त्याची बुद्धी, त्याचं बोलणं, धावणं, बिचकणं, चारचौघांत मिसळणं सगळं पारखून झालेलं असतं आणि शेवटी फक्त निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचून दाखवतात. ज्याचा नंबर येत नाही त्याला कारण कुणी सांगत नाही. छातीवरचा नंबर उतरवायचा, जमा करायचा आणि स्टेशन गाठायचं. गाडी पनवेलला येईपर्यंत कारण त्याचं त्यानेच शोधलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते एकच असतं : माझ्यातच काहीतरी कमी आहे.

या प्रवेशाचा ताण इतर परीक्षांच्या ताणाहून निराळा आहे तो यामुळे. इतरत्र अभ्यास तपासतात, इथे माणूस तपासतात. निदान त्या मुलाला तरी तसंच वाटतं.

आमच्या पनवेलमध्ये त्यात आणखी एक भर पडते. घरात विचारायला कुणी नसतं. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याच्या नावातच मिलिटरी आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे, आणि पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल अरुणकुमार वैद्य जन्माने अलिबागचे. पण पनवेल हे पहिल्यापासून येण्याजाण्याचं गाव. रेल्वे जंक्शन, एसटी स्टँड, सिडकोच्या वसाहती, आणि आता विमानतळ. इथल्या घरांचं वेळापत्रक जेईई आणि नीटने आखलेलं असतं. त्यात एखादा मुलगा पहाटे वडाळे तलावाकाठी धावायला लागतो, रविवारी कर्नाळा चढून येतो आणि घरी जाहीर करतो की मला सैन्यात अधिकारी व्हायचंय. बाप म्हणतो, बरं. आई म्हणते, इंजिनिअरिंगचा फॉर्मही भरून ठेव. शेजारी विचारतात, पण लागतं काय त्याला? हे त्या घरातल्या कुणालाच नीट माहीत नसतं.

माझा भाचा असाच. मूळचा पेणचा, अकरावी-बारावीला आमच्याकडे राहायला आला. लेखी परीक्षेचा ताण कसा असतो आणि मुलाखतीचा कसा, हे मी त्याच्यामुळे जवळून पाहिलं.

लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, वर्षातून दोनदा. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमतेला ६००. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. दहावीला नव्वदच्या पुढे टक्के पाहिलेल्या मुलाला सराव परीक्षेत ९०० पैकी ३२० गुण पडले की तो हादरतो. आपण ढ आहोत अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत लेखीची अंतिम रेषा ९०० पैकी साधारण तीनशे ते साडेतीनशेच्या घरातच राहिली आहे. हा एक आकडा पहिल्याच दिवशी कळला तर कितीतरी रात्रींची झोप वाचेल. एकेका खेपेला जागा चारशेच्या आसपास असतात आणि अर्ज लाखांनी येतात, हा आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो. घाबरवणारे आकडे आपोआप पसरतात, धीर देणारे शोधावे लागतात.

लेखीत पास झाल्यावर सेवा निवड मंडळाचं, म्हणजे एसएसबीचं बोलावणं येतं. एनडीएचं खडकवासला इथून एक्सप्रेसवेने अडीच-तीन तासांवर. १९४९ मध्ये जिची पायाभरणी झाली आणि १९५५ पासून जिथे शिक्षण सुरू आहे, ती प्रबोधिनी घाटापलीकडेच आहे. पण तिथे पोचायची वाट भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू अशा लांबच्या गावांवरून जाते. पनवेलहून भोपाळला जाणारी मुलं मंगला एक्सप्रेसने जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याला भाडं परत मिळतं. कित्येकांचा एकट्याने केलेला तो पहिला लांबचा प्रवास असतो.

पहिल्या दिवशी चाळणी. बुद्धिमापनाची चाचणी, मग एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात बसून तिच्यावर चर्चा करायची. इथेच अर्ध्याहून जास्त मुलं परत फिरू शकतात. त्याला मुलं 'स्क्रीन आउट' म्हणतात. उरलेल्यांना पुढचे दिवस. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहा. साठ प्रसंग, अर्धा तास, काय कराल ते लिहा. बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. मग मैदानावर फळ्या आणि दोर घेऊन गटाने अडथळे पार करायचे. एकट्याने मुलाखत. शेवटच्या दिवशी सगळं मंडळ गणवेशात समोर बसतं आणि एकेकाला दोन-चार मिनिटांसाठी आत बोलावतात. तिथवर जाऊन परतला तो 'कॉन्फरन्स आउट'.

मानसतज्ज्ञ मुलाला त्याच्या लिखाणातून बघतो, मुलाखत घेणारा त्याच्या बोलण्यातून आणि मैदानावरचा अधिकारी त्याच्या कृतीतून. तिघे आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. या पद्धतीचं वर्णन करताना लष्करातलेच लोक 'मनसा, वाचा, कर्मणा' हे शब्द वापरतात. तिन्ही ठिकाणी एकच माणूस दिसतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

ही गोष्ट कळली की ताणाचा मोठा भाग कुठून येतो तेही कळतं. भाच्याच्या एका क्लासमध्ये तयार वाक्यांची यादी दिली होती. 'अपयश' शब्द आला की अमुक लिहा, 'मृत्यू' आला की तमुक लिहा. मुलाखतीत छंद काय सांगावा, हसावं किती, हेही शिकवलं होतं. पोरगा आरशासमोर उभा राहून स्वतःची ओळख पाठ करायचा. स्वतःलाच पाठ करायची वेळ आली की माणूस थकतोच. पाच दिवस दुसऱ्याचा मुखवटा सांभाळणं हे फळीवरून उडी मारण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि पंधरा सेकंदांची ती घाई मुळात मुखवटा गळून पडावा म्हणूनच ठेवलेली आहे.

पण 'तू जसा आहेस तसा जा' हा सल्लाही वाटतो तितका सोपा नाही. सतराव्या वर्षी आपण कसे आहोत हे कुणाला ठाऊक असतं? मला पंचावन्नाव्या वर्षीही पुरतं ठाऊक नाही.

या सगळ्या चाचण्यांमध्ये मला मनापासून आवडलेली एक आहे. तिच्यात स्वतःबद्दल लिहायचं असतं : आईवडिलांना तुझ्याबद्दल काय वाटतं, शिक्षकांना काय वाटतं, मित्रांना काय वाटतं, तुझं तुला काय वाटतं आणि तुला कसं व्हायचंय. क्लासच्या वहीत याचीही तयार उत्तरं होती. 'आईवडिलांना मी जबाबदार वाटतो.' त्याच्या मामीने ते वाचलं आणि म्हणाली, "विचारलंस का आईला?"

त्याने फोन लावला. आपल्या घरांत असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. माझी बहीण आधी गडबडली, काही झालंय का म्हणून. मग म्हणाली, तू कुणाचं दुखलंखुपलं लगेच ओळखतोस. आजी आजारी होती तेव्हा तूच तिच्याजवळ बसलास. पण हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकतोस, आणि कुणी बोललं की दोन दिवस तोंड फुगवून बसतोस. वडिलांनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, मला तुझा भरवसा वाटतो, पैशाच्या बाबतीत सोडून. पोरगा फोन ठेवून कितीतरी वेळ हसत होता. पाठ केलेल्या ओळखीची वही त्यानंतर मी त्याच्या हातात फारशी पाहिली नाही.

माझ्या मते या ताणावरचा पहिला खरा उतारा हा आहे. मंडळासमोर जाण्याआधी आपल्या माणसांकडून स्वतःबद्दल ऐकून घ्यावं. बरं-वाईट दोन्ही. ज्याला आपले दोष घरीच माहीत झाले आहेत, त्याला परक्या माणसाने दिलेला नकार तितका हादरवत नाही.

दुसरा उतारा इतिहासातला आहे. ही मंडळं आली कुठून? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला भराभर अधिकारी हवे होते. तोवरची निवड घराणं, शाळा आणि छोट्याशा मुलाखतीवर चाले. असे निवडलेले कितीतरी जण प्रशिक्षणातच गळू लागले. म्हणून १९४२ मध्ये मानसतज्ज्ञांना सोबत घेऊन नवी निवड मंडळं नेमली गेली आणि १९४३ मध्ये डेहराडूनला तसाच प्रयोग आपल्याकडे झाला. म्हणजे ही व्यवस्था जन्मली ती एका ठराविक कामासाठी ठराविक माणसं शोधायला, आणि ज्याला ते ओझं झेपणार नाही त्याला वेळीच बाजूला काढायला. ती चुकत नाही असं नाही. एकाच मुलाला एक मंडळ नाकारतं आणि सहा महिन्यांनी दुसरं घेतं, असं नेहमी घडतं. मुलगा बहुधा तोच असतो. त्या आठवड्यात तो कसा दिसला, एवढाच त्या निकालाचा आवाका.

भाचा पहिल्यांदा कॉन्फरन्सपर्यंत जाऊन परतला. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी स्क्रीन आउट झाला. दुसरं जास्त लागलं, कारण आपण मागे चाललोय असं त्याला वाटलं. नातेवाइकांचे फोन आले. बहुतेकांनी अब्दुल कलामांचं उदाहरण दिलं. कलामांना वैमानिक व्हायचं होतं, डेहराडूनला पंचवीस जणांतून आठ घ्यायचे होते आणि त्यांचा क्रमांक नववा आला. गोष्ट खरी आहे आणि त्यांनी ती स्वतःच सांगितली आहे. पण हरलेल्या मुलाला ती सांगताना आपण नकळत एक अट घालतो. तुझं हे अपयश चालेल, पण पुढे राष्ट्रपती व्हावं लागेल. बाकीच्या सोळा जणांचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. त्यांनीही संसार केले असतील, कामं केली असतील, चांगली आयुष्यं जगली असतील. मला त्या सोळांची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते.

निवड झाली तरी ताण संपत नाही, हेही आधीच सांगून ठेवायला हवं. पुढे वैद्यकीय तपासणी असते. आपल्याला काही रंग ओळखू येत नाहीत हे काही मुलांना आयुष्यात पहिल्यांदा तिथे कळतं. मंडळाने शिफारस केलेली आणि वैद्यकीय तपासणीतून पार पडलेली काही मुलंही अंतिम यादीत नसतात, कारण जागा संपलेल्या असतात. मुलींची वाट आणखी अरुंद. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या पहिल्यांदा परीक्षेला बसल्या. २०२२ मध्ये १९ जणी खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी प्रशिक्षण पुरं करून तिथून बाहेर पडल्या. ज्या मुलीला एवढ्या मोजक्या जागांसाठी झगडायचंय, तिला 'मुलींना कशाला हे' असं घरात रोज ऐकवणं म्हणजे लढाईआधीच तिची शक्ती काढून घेणं.

आपल्या राज्याने या मुलांसाठी काहीच केलं नाही असं नाही. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातल्या पहिल्यांपैकी. मराठी मुलं अधिकारीपदावर कमी दिसतात म्हणून १९७७ मध्ये संभाजीनगरला सेवापूर्व शिक्षण संस्था निघाली. दहावीनंतर तिथे निवडून घेतात. मुलींसाठी तशी संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. अशा संस्थांमधल्या मुलांना मोठा फायदा मिळतो तो सोबतीचा. शेजारच्या खाटेवरचाही स्क्रीन आउट होऊन आलेला असतो. पनवेलच्या फ्लॅटमधल्या मुलाला तेच मिळत नाही. त्याचे वर्गमित्र जेईईच्या रँकबद्दल बोलत असतात.

भाचा आता अभियांत्रिकीला आहे. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा आहे, हवाई दलाची एएफकॅट आहे, एनसीसीची वेगळी वाट आहे, इंजिनिअरांसाठी थेट प्रवेश आहे. वयाची चोविशी-पंचविशी उलटेपर्यंत दारं बंद होत नाहीत. ती ठोठावायची की नाही हे त्याने अजून ठरवलेलं नाही आणि आम्हीही विचारत नाही. धावणं सुटलेलं नाही. काम मात्र अजूनही अर्ध्यावर टाकतो.

तुमच्या घरात किंवा इमारतीत असा मुलगा किंवा मुलगी असेल तर एवढं करा. परीक्षेची माहिती तुम्हीही वाचा, म्हणजे तो घरात एकटा पडणार नाही. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला सांगाल तेव्हा तो अविश्वास म्हणून सांगू नका, घरातली रीत म्हणून सांगा. परत आल्यावर 'काय झालं' हा प्रश्न त्याच्यावर सोडून द्या, त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. दोन आठवडे उलटूनही तो जेवत नसेल, झोपत नसेल, बोलत नसेल तर डॉक्टरांकडे न्या किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. सैन्याला दरवर्षी अधिकारी लागतात. तुम्हाला तुमचं मूल लागतं. मंडळाने आपलं काम पाच दिवसांत केलं, तुमचं काम त्यानंतर सुरू होतं.