येत्या रविवारचा सामना

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, असरच्या नमाजनंतर, आमच्या घरी फुटबॉलचा सामना आहे. बावीस खेळाडू टीव्हीच्या पडद्यावर पळतील आणि त्यांना पळवणारे दोघे आमच्या पडवीत सतरंजीवर मांडी घालून बसतील. एक आमचा धाकटा मुलगा. दुसरा त्याच्या बडे अब्बांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या. दोघेही सतरा वर्षांचे. दोन्ही घरे एकाच अंगणात, मधे एक फणसाचे झाड. आणि गेले तीन महिने दोघांत बोलचाल बंद आहे.

भांडणाचे कारण सांगितले तर हसाल. गणपतीच्या सुट्टीत दोघांचा सामना रंगला होता. पुतण्या २-१ असा पुढे होता, पडद्यावरच्या घड्याळात ऐंशी मिनिटे झाली होती आणि वीज गेली. कोकणातला पाऊस, ती रात्रीपर्यंत आली नाही. आमचा मुलगा म्हणाला, सामना पुरा झालाच नाही. पुतण्या म्हणाला, दहा मिनिटांत तू काय उजेड पाडणार होतास! एवढ्यावरून शब्दाला शब्द वाढला. लहानपणी एका ताटात जेवलेली पोरे आता जुम्याला मशिदीतही वेगवेगळ्या सफेत उभी राहतात.

आम्हा नवराबायकोने त्यांना समजावून पाहिले, रियाधहून बडे अब्बांनी फोनवर दम देऊन पाहिला. शेवटी दादीने निकाल दिला: "खेळावरून तुटलंय ना, मग खेळूनच जोडा. पण या वेळी आधी नियम ठरवा, मग बसा."

नियमांवरही वाद झालाच. आमचा मुलगा खेळतो टीव्हीला जोडलेल्या प्लेस्टेशनवर. त्याच्या मामूने कुवेतहून येताना आणलेला जुना प्लेस्टेशन ४ आहे. पुतण्याचा सगळा सराव मोबाइलवर. 'ईफुटबॉल' हा खेळ दोन्हीवर चालतो आणि फुकट मिळतो, पण हात वेगळे लागतात. टीव्हीवर कंट्रोलरच्या बटणांनी पास द्यायचा, मोबाइलवर काचेवर अंगठा फिरवून. एकाच्या साधनावर दुसरा पाहुणाच ठरतो.

यावर तोडगा पोरांनीच काढला आणि तो त्यांना सापडला लंडनच्या एका जुन्या सामन्यात.

फुटबॉलच्या या पडद्यावरच्या खेळाची जागतिक स्पर्धा फिफाने २००४ साली सुरू केली. अशा खेळांना ई-स्पोर्ट्स म्हणतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिची अंतिम फेरी लंडनच्या ओटू अरीनात झाली आणि सौदी अरेबियाचा मुसाद अल-दोसरी हा अवघ्या अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. खेळातले त्याचे नाव 'एमएस दोसरी'. अंतिम सामन्यात त्याने बेल्जियमच्या स्टेफानो पिन्नाला दोन फेऱ्यांत मिळून ४-० असे हरवले. बक्षीस होते अडीच लाख डॉलर, म्हणजे पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास.

पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट २०१९ ला, तो पुन्हा त्याच ओटू अरीनात अंतिम सामन्याला बसला. समोर होता जर्मनीचा बावीस वर्षांचा मोहम्मद हारकूस, खेळातले नाव 'मोऔबा', वेर्डर ब्रेमेन या क्लबचा खेळाडू. स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात बत्तीस जण होते, सोळा एक्सबॉक्सवर खेळणारे आणि सोळा प्लेस्टेशनवर. दोसरी एक्सबॉक्सचा राजा, हारकूस प्लेस्टेशनचा. म्हणून अंतिम सामना दोन फेऱ्यांचा होता: एक एक्सबॉक्सवर, एक प्लेस्टेशनवर आणि दोन्हींतले गोल मिळवून निकाल.

त्या दिवशी आमची पोरे अकरा वर्षांची होती. हा सामना त्यांनी नंतर केव्हातरी पाहिला आणि मग किती वेळा पाहिला त्याला गणती नाही. पुतण्या दोसरीचा, कारण त्याचे अब्बा रियाधला. आमचा मुलगा हारकूसचा, कारण प्लेस्टेशन. एखादे दिवशी जेवताना आम्हालाही दोन्ही नावे इतक्यांदा ऐकू यायची की दादीने एकदा विचारले, "हे दोघे कुणाच्या नात्यातले?"

पहिली फेरी झाली एक्सबॉक्सवर, म्हणजे दोसरीच्या घरच्या मैदानावर म्हणा ना. तिथे तो जिंकेल असे वाटणे साहजिक होते. पण हारकूसने त्याला १-१ असे रोखले. दुसरी फेरी प्लेस्टेशनवर. ती हारकूसने २-१ अशी जिंकली आणि एकूण ३-२ ने जगज्जेतेपद जर्मनीत नेले. जर्मनीचा तो पहिलाच विजेता.

पोरांचे डोळे दुसऱ्या फेरीतल्या विजयाच्या गोलावर असतात. आम्हाला मात्र पहिल्या फेरीतली ती बरोबरी जास्त मोलाची वाटते. दुसऱ्याच्या साधनावर, न सरावलेल्या हातांनी, फार काही कमवायचे नाही पण काही गमवायचेही नाही, एवढा संयम हारकूसने ठेवला. मुलांचा खेळ नीट बघायला बसलो तेव्हा हे आमच्या ध्यानात आले. हा खेळ नुसता बोटांचा नाही. चेंडू पायात असताना घाई करणारा हरतो. गोल खाल्ल्यावर रागाने सगळे खेळाडू पुढे ढकलणारा दुसरा गोल खातो. आमच्या दोघांपैकी एकजण शाळेत शिक्षक आहे. परीक्षेत अवघड प्रश्न आधी आला की पुढचे सोपे प्रश्न चुकवणारी मुले त्याने खूप पाहिली आहेत. ती खोड पडद्यावरही लगेच दिसते.

तर रविवारचा बेत असा. असरनंतर पहिली फेरी आमच्या पडवीत प्लेस्टेशनवर. मगरिबच्या नमाजला सगळे उठतील. नंतर दुसरी फेरी पुतण्याच्या घरी मोबाइलवर. आमच्या मुलाला स्वतःचा फोन नाही, बारावी होईपर्यंत मिळणारही नाही. त्यामुळे तो अम्मीचा फोन घेऊन खेळेल. सरावाला त्याला रोज इशानंतर वीस मिनिटे फोन मिळतो, तोही अभ्यासाची वही दाखवल्यावर. शेजारच्या मंडपवाल्याने इन्व्हर्टर द्यायचे कबूल केले आहे. वीज गेली तर काय, हे आधीच लिहून ठेवले आहे: जेवढी मिनिटे राहिली तेवढीच पुन्हा खेळायची, त्याच गोलसंख्येवरून. कागदावर दोघांच्या सह्या आहेत. कागद दादीच्या बटव्यात.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघे अडून बसलो. मोहल्ल्यातल्या पोरांना सामन्याची कुणकुण लागली आणि कोणीतरी टूम काढली की सोळा जणांनी पन्नास-पन्नास काढायचे, कोण जिंकेल ते सांगायचे आणि ज्यांचे खरे ठरेल त्यांनी आठशे रुपये वाटून घ्यायचे. पोरांना त्यात काही गैर दिसत नव्हते, "गंमत आहे चाची" म्हणाले. आम्ही स्पष्ट सांगितले, आमच्या अंगणात हे होणार नाही. सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि काहींनी ते न्यायचे, याला जुगार म्हणतात. रक्कम आठशेची असो की आठ लाखांची. बक्षीस द्यायचे तर ज्याची हारजीत त्यात नाही त्याने द्यावे. दादीने ते आपल्या पेन्शनमधून जाहीर केले आहे: जिंकणाऱ्याला फुटबॉलचे बूट. अट एवढीच की ते खऱ्या मैदानावर झिजले पाहिजेत.

हा फरक देशाच्या कायद्यानेही केला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून वेगळे स्थान मिळाले. पण घरात डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण पैसा मागच्या दारानेही येतो. फुटबॉलच्या अशा काही खेळांत पैसे देऊन बंद पाकिटे घ्यायची सोय असते. आत कोणता खेळाडू निघेल ते आधी कळत नाही. मेस्सी निघेल या आशेने मूल एकामागून एक पाकिटे उघडत राहते. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली अशा पाकिटांना जुगारच ठरवले आणि २०१९ च्या सुरुवातीला 'फिफा' खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्या देशात पाकिटांसाठीची विक्री थांबवली. आपल्या घरातले मूल फोनवर फुटबॉल खेळत असेल तर एवढे जरूर पाहा: फोनला बँकेचे खाते जोडलेले आहे का आणि खरेदीला तुमचा पासवर्ड लागतो का. आमच्या घरच्या दोन्ही फोनवर लागतो.

आता सगळे विचारतात, जिंकेल कोण? आईबाप म्हणून आमचे वजन एका बाजूला पडणार, हे धरून चालावे. तरी बघितले ते सांगतो. आमचा मुलगा हल्ला सुरेख करतो, दोन पासांत चेंडू गोलापाशी नेतो. पण गोल खाल्ला की त्याचा तोल सुटतो. पुतण्या सावकाश खेळतो, चेंडू मागेमागे फिरवत राहतो, बघणाऱ्याला जांभया येतात. मग शेवटच्या दहा मिनिटांत गोल करतो. वीज नेमकी त्याच दहा मिनिटांवर गेली होती, म्हणून त्याचा राग आम्हाला कळतो.

पहिली फेरी आमच्या मुलाच्या साधनावर आहे. तिथे त्याने निदान दोन गोलांची आघाडी घेतली नाही, तर मगरिबनंतर मोबाइलवर पुतण्या त्याला सोडणार नाही. पडवीत १-१ झाले, तर बूट फणसापलीकडच्या घरी गेले असे समजा. हारकूसचा धडा आमच्या मुलाने शंभरदा पाहिला आहे, पण या वेळी तो धडा पुतण्याच्या कामाचा आहे. त्यानेही तो तितक्याच वेळा पाहिला आहे.

परवा एक गोष्ट घडली. पुतण्या अंगणातून जाताना थांबला आणि आमच्या मुलाकडे न बघता, फणसाकडे बघून म्हणाला, "चाचीच्या फोनची बॅटरी लवकर उतरते. रविवारी चार्जर आणायला सांग तिला." तीन महिन्यांतले हे पहिले वाक्य. आमच्या मुलाने उत्तर दिले नाही. पण त्या रात्रीच चार्जर शोधून पिशवीत ठेवला.

वाचकहो, रविवारी दुआ करा, वीज राहू द्या म्हणून.