आघात नेमका कुठे मोजावा?

रोबोचा हात एखाद्या वस्तूवर आदळतो तेव्हा तिच्यावर किती बल पडले, हे मनगटात बसवलेल्या संवेदकाने सांगावे अशी अपेक्षा सर्रास बाळगली जाते. परंतु तो संवेदक आघाताचे संपूर्ण बल मोजत नाही, त्याचा मनगटापर्यंत पोचलेला अंश तेवढा मोजतो.

हा संवेदक म्हणजे धातूची चकती असून तिच्या आतील बारीक तुळयांवर स्ट्रेन गेज, म्हणजे ताण पडला असता ज्यांचा विद्युतरोध बदलतो अशा पातळ पट्ट्या, चिकटवलेल्या असतात, आणि त्या बदलावरून तीन दिशांची बले व तीन अक्षांभोवतीची आघूर्णे काढली जातात. कास्टिंगच्या कडा घासून गुळगुळीत करण्यासारख्या संथ कामात ही व्यवस्था उत्तम चालते. आघातात मात्र जडत्व आडवे येते. आघाताच्या जागी जाणवणारे हाताचे वस्तुमान, ज्याला परिणामी वस्तुमान म्हणतात, ४ किलोग्रॅम धरले आणि त्यातले १ किलोग्रॅम संवेदकाच्या पुढच्या ग्रिपरचे असले, तर ग्रिपरला थोपवण्यात खर्ची पडलेले बल मनगटापर्यंत पोचतच नाही, आणि १०० न्यूटनांच्या आघातात संवेदक सुमारे ७५ न्यूटनच दाखवतो. ग्रिपर जितका जड, तितकी ही तूट मोठी.

दुसरी अडचण वेळेची आहे. आघाताचे कमाल बल ढोबळमानाने वेग गुणिले ताठरता व वस्तुमान यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ इतके असते. ताठरता म्हणजे पृष्ठभाग १ मिलिमीटर दाबण्यास लागणारे बल. हेच ४ किलोग्रॅम सेकंदाला पाव मीटर वेगाने माणसाच्या पंजावर आदळले, तर पंजाची ताठरता मिलिमीटरला ७५ न्यूटन धरून सुमारे १३७ न्यूटन बल येते आणि स्पर्श २३ मिलिसेकंद टिकतो. मिलिमीटरला १०,००० न्यूटन ताठरतेच्या पोलादी फिक्स्चरवर मात्र तोच हिशेब सुमारे १,५८० न्यूटनांवर जातो आणि सारे २ मिलिसेकंदांत आटोपते. दर ८ मिलिसेकंदांनी नोंद घेणाऱ्या नियंत्रकाच्या दोन नोंदींमध्ये तो आघात होऊन संपलेलाही असू शकतो. त्यातच गोंगाट गाळून आलेख सुबक केला, तर उरलेसुरले शिखरही छाटले जाते. हा सुबकपणा धोकादायक आहे.

पंजाचा ७५ हा आकडा २०१६ च्या आयएसओ टीएस १५०६६ या रोबोसुरक्षेच्या दस्तऐवजातला असून, पंजा चेपला गेल्यास १४० न्यूटन आणि क्षणिक आघातात त्याच्या दुप्पट अशी मर्यादा त्यात दिली आहे. चेहऱ्याला क्षणिक आघाताची मुभाच नाही. पंजाची मर्यादा पाळली जाते का, हे तपासण्यासाठी टेबलावर एक ठोकळा पक्का करतात, ज्यात खाली बलमापक, त्यावर पंजाइतक्या ताठरतेची स्प्रिंग आणि सर्वांत वर त्वचेच्या जागी रबराची गादी असते, आणि रोबोला त्यावर आदळू देतात. मोजमाप आघाताच्या जागीच होत असल्याने हीच पद्धत विश्वासार्ह मानली पाहिजे. मापकाची जागा, त्यापुढचे वस्तुमान, पृष्ठभागाची ताठरता आणि नोंदींचा वेग ज्या अहवालात लिहिलेले नाहीत, तो अहवाल न स्वीकारता परत पाठवावा.