चाकांतील अंतर

ग्रामीण साहित्याच्या तासाला ट्रॅक्टर हमखास प्रतीक होऊन येतो. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (1971) या कादंबरीची चर्चा निघाली की फळ्याच्या एका बाजूस जनावरे, दुसऱ्या बाजूस यंत्र अशी मांडणी होते. ती मांडणी आम्हीही करतो आणि ती खोटी नाही. मात्र तीतला ट्रॅक्टर एकसंध असतो; त्याला बोल्ट नसतात.

मराठवाड्यातील आमच्या शेतात थोरले बंधू दर पावसाळ्यात, कोळपणीच्या आधी, ट्रॅक्टरची मागची चाके जवळ घेतात. सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर. चाकांचे मध्य 90 सेंटिमीटरवर आणले की दोन ओळी ट्रॅक्टरच्या पोटाखाली येतात आणि दोन्ही चाके मोकळ्या पट्ट्यांतून चालतात. मोठ्या ट्रॅक्टरचा 13.6-28 टायर (पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत) सुमारे 34 सेंटिमीटर रुंद. पिकाला दोन्हीकडे जेमतेम पाच-पाच सेंटिमीटर उरतात. म्हणून घरचा ट्रॅक्टर लहान आहे, टायर 8.3-20. रुंदी 21 सेंटिमीटर. दोन्हीकडे बारा-बारा उरतात.

चाकाचा मधला भाग बशीसारखा खोलगट असतो. ती बशी आत वळवली की बाहेर, आणि रिमचे कान तिच्या कोणत्या अंगाला बसवले, यावर अंतर ठरते. येथे एक मौज आहे. चाक आहे त्याच बाजूस उलटे करून चढवले, तर टायरवरील तिरके कंगोरेही उलटे होतात. चिखलात पकड जाते, माती झडत नाही. म्हणून डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे जाते. कंगोऱ्यांचे टोक जमिनीला आधी टेकले पाहिजे. त्यामुळे ओल्या मातीत उमटणारे बाण ट्रॅक्टर जिकडून आला तिकडे रोख धरून असतात. वाटेवरच्या खुणा वाचणाऱ्यास हे ठाऊक हवे, नाहीतर अर्थ नेमका उलटा लागतो.

चाके बदलताना बंधू ट्रॅक्टर सपाट जागी उभा करतात, पुढच्या चाकांना दगड लावतात, जॅकवर विसंबून न राहता लाकडी ठोकळे देतात. पुढची चाकेही त्याच मापास आणावी लागतात. काही तास काम झाले की बोल्ट पुन्हा आवळायचे.

खरा पेच वेगळाच आहे. चाके जवळ घेतल्याने ओळी वाचतात, पण ट्रॅक्टरची बैठक अरुंद होते आणि उतारावर तो उलटण्याचा धोका वाढतो. आमच्या शेताचा ओढ्याकडील तुकडा उताराचा. तेथे पीक वाचवावे की माणूस, असा प्रश्न कोणी बोलून दाखवीत नाही. बंधूंनी तो एका वाक्यात मिटवला, "मास्तर, त्या तुकड्यात मशीन घालायचं नाही."

तेव्हा तेथे शेजाऱ्यांची बैलजोडी भाड्याने येते. कोळपणीचे जू लांब हवे, बैल ओळींमधून चालले पाहिजेत. म्हणून जोडी औतास लावण्यापूर्वी बंधू जुवाच्या शिवळांतील अंतर त्याच टेपने मोजून घेतात.