शिरेतली गाळणी

खुब्याच्या ऑपरेशननंतर आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या, म्हणजे आक्कांच्या, मांडीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी रक्त पातळ करायचं हेपारिनचं इंजेक्शन सांगितलं. आक्कांनी विचारलं, "हे कशापासून करतात?" डॉक्टर खरं बोलले, डुकराच्या आतड्यापासून. आक्कांनी हात जोडले.

इथेच कोल्हापुरात आमच्या एका मामंजींना पोटातल्या मोठ्या शिरेत फिल्टर बसवलाय. छत्रीच्या काड्यांसारखी धातूची जाळी असते, मानेतून किंवा जांघेतून नेऊन बसवतात. पायातून वर निघालेली गुठळी तिच्यात अडकते. आक्का म्हणाल्या, "मग मलाही तेच बसवा. धातूत कसली हिंसा?"

डॉक्टर नाही म्हणाले. फिल्टर नवी गुठळी व्हायचं थांबवत नाही. मामंजींना मेंदूत रक्तस्राव झाला होता, पातळ करायचं औषध देताच येत नव्हतं, म्हणून त्यांना तो बसवला. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९८ साली छापून आला. फिल्टर बसवलेल्यांच्या फुप्फुसात सुरुवातीला गुठळ्या कमी गेल्या, पण दोन वर्षांत पायात पुन्हा जास्त झाल्या, आणि मृत्यूंत फरक पडला नाही. पाणी गाळायचं फडकं आपण रोज धुतो, ही गाळणी आतल्या आत धुता येत नाही. कधी ती तुंबते, कधी काडी मोडते, सरकते, शिरेला टोचते. गरज संपली की काढा, असं अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्येच डॉक्टरांना कळवलं होतं. जितकी जुनी, तितकी काढायला अवघड.

मग मीच विचारलं, प्राण्यापासून नसलेलं औषध आहे का? आहे की! फोंडापॅरिनक्सचं इंजेक्शन रसायनांपासून बनतं, अपिक्साबॅन आणि रिव्हरॉक्साबॅन या गोळ्यांतलं औषधही. (पर्याय नसता तर मी हेपारिनच घ्या म्हटलं असतं. जीव राहिला तर प्रायश्चित्त घेता येतं.) किडनीची तपासणी करून डॉक्टरांनी गोळी ठरवली, दिवसातून दोनदा. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या आक्कांनी औषधापुरती सूट घेतली, नाखुशीनंच.

मामंजींची फाइल काढून बघितली, तर फिल्टर कधी काढायचा ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या सूनबाईंना फोन केला. सोमवारी दाखवायला नेणार आहेत.