ख्रिस्तोफरची वर्णनात्मक नोंद कशी लिहाल?



सत्र संपत आलं की आपला सगळ्यांचा एकच उद्योग सुरू होतो, वर्णनात्मक नोंदी. 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' हे रकाने आणि समोर वर्गातली सगळी मुलं. खरं सांगायचं तर अर्ध्याअधिक नोंदी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात. 'वर्गात लक्ष देतो', 'इतरांशी मिळून मिसळून वागतो', 'वाचनात गती वाढवावी'. आज आपण एका वेगळ्या मुलाची नोंद लिहून बघू या. हा मुलगा आपल्या वर्गातला नाही. तो इंग्लंडमधल्या स्विंडन नावाच्या गावातला आहे आणि तोही एका कादंबरीतला.

कादंबरीचं नाव 'द क्युरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम'. लेखक मार्क हॅडन. २००३ साली ती एकाच वेळी मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा दोन आवृत्त्यांत निघाली आणि त्या वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कारही तिला मिळाला. इंग्रजी म्हटलं की आपल्यापैकी अनेक जण पुस्तक बाजूला ठेवतात, म्हणून आधीच सांगते, भाषा अगदी सोपी आहे. छोटी छोटी वाक्यं, 'आणि' लावून पुढे पुढे जाणारी. कारण गोष्ट सांगतोय १५ वर्षं, ३ महिने आणि २ दिवस वयाचा ख्रिस्तोफर बून. मी डी.एड.च्या इंग्रजीवर आणि मोबाईलमधल्या शब्दकोशावर ती वाचली. (पुढे कथानक उघड करणार आहे. आधी पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

ख्रिस्तोफरला ७०५७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या पाठ आहेत. म्हणून त्याच्या पुस्तकातली प्रकरणंही १, २, ३ अशी नाहीत, तर २, ३, ५, ७, ११ अशी जात २३३ वर संपतात. त्याला पिवळा आणि तपकिरी रंग चालत नाही. ताटात दोन पदार्थ एकमेकांना लागले की तो जेवत नाही. कोणी अंगाला हात लावला तर किंचाळतो, कधी मारतोही. अगदी आई-वडिलांनीही त्याला मिठी मारायची नाही. त्याऐवजी हाताची बोटं पंख्यासारखी पसरायची आणि बोटांना बोटं टेकवायची, झाली मिठी. समोरच्याचा चेहरा बघून तो रागावलाय की थट्टा करतोय हे त्याला ओळखता येत नाही. पुस्तकात कुठेही त्याच्या अवस्थेचं नाव दिलेलं नाही. स्वमग्नता किंवा अ‍ॅस्पर्जर हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. मात्र वाचणाऱ्याला ते कळतंच.

इथे थोडं विषयांतर करते. 'स्वमग्न' हा आपला मराठी शब्द मला या मुलाला अजिबात लागू पडत नाही असं वाटतं. एके ठिकाणी तो सांगतो की बाकीचे लोक शेताकडे नुसती नजर टाकतात, गवत आहे, गाई आहेत, झालं. त्याला मात्र दिसतं की गाई १९ आहेत, त्यातल्या १५ काळ्या-पांढऱ्या आणि ४ तपकिरी-पांढऱ्या. आता यात स्वतःत मग्न कोण आहे? आपणच की! त्याला तर जग इतकं दिसतं, इतकं ऐकू येतं की ते सगळं डोक्यात मावत नाही. मग तो कान झाकतो, गुरगुरतो, जमिनीवर बसून राहतो. वर्गात एखादं मूल असं करत असेल तर 'लक्ष नाही' असं लिहिण्याआधी हे पान जरूर आठवा.

गोष्ट सुरू होते ती शेजारच्या बाईंच्या कुत्र्यापासून. मध्यरात्रीनंतर ७ मिनिटांनी ख्रिस्तोफरला वेलिंग्टन नावाचा कुत्रा बागकामाचा काटा खुपसून मारलेला दिसतो. त्याला शेरलॉक होम्स आवडतो (पुस्तकाचं नावही होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेतून आलंय), म्हणून तो शोध घ्यायचं ठरवतो. वडिलांना ते आवडत नाही. आई दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेली असं वडिलांनी सांगितलेलं असतं. शोध घेता घेता कपाटात आईची पत्रं सापडतात. आई जिवंत आहे, लंडनमध्ये दुसऱ्या माणसाबरोबर राहते आहे. आणि कुत्रा कोणी मारला? वडिलांनीच.

जो मुलगा एकट्याने कधी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेला नाही, तो आता खिशात पाळीव उंदीर टोबी घेऊन एकटा लंडनला निघतो.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. या पुस्तकाबद्दल बोलताना 'ख्रिस्तोफरचा विकास झाला' असं सगळेच म्हणतात. पण नेमकं काय झालं? तो बदलला का? शेवटच्या पानापर्यंत त्याला पिवळा रंग आवडत नाही. गर्दी सोसत नाही. चेहरे वाचता येत नाहीत. आपल्या नेहमीच्या नोंदींच्या भाषेत बोलायचं तर 'सुधारणा' शून्य! तरीही पहिल्या पानावरचा ख्रिस्तोफर आणि शेवटच्या पानावरचा ख्रिस्तोफर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तो इतरांसारखा झाला नाही. तो आहे तसाच राहून त्याचं जग मोठं झालं. मला वाटतं, आपण शिक्षकांनी या पुस्तकातून घ्यायचं ते हेच.

स्विंडनच्या रेल्वे स्टेशनचा प्रसंग बघा. आपल्याला वाटेल, धीट झाला असेल, म्हणून गेला. अजिबात नाही. तो भयंकर घाबरलेला आहे. गर्दी, पाट्या, आवाज, सगळं अंगावर येतंय. पण तो जमिनीवर एक लाल रेघ आहे अशी कल्पना करतो आणि त्या रेघेवरून 'डावा, उजवा, डावा, उजवा' असं मनात म्हणत चालतो. गाडीत माणसांचा त्रास नको म्हणून सामान ठेवायच्या फळीवर जाऊन बसतो. लंडनला भुयारी रेल्वेच्या फलाटावर तो कित्येक तास बाकावर बसून राहतो, गाड्या येतात आणि जातात. टोबी रुळांवर उतरतो तेव्हा हाही मागे उतरतो आणि एक अनोळखी माणूस त्याला वर ओढून वाचवतो. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. शेवटी नकाशाचं पुस्तक विकत घेऊन तो विल्सडनमध्ये आईचं घर शोधून काढतो.

म्हणजे भीती गेली नाही, भीतीसाठी त्याने युक्ती काढली. आणि ती युक्ती त्याच्या स्वतःच्या स्वभावातूनच निघाली. मोजणं, क्रम लावणं, नकाशा डोक्यात धरणं. ज्या गोष्टींना लोक 'विचित्र सवयी' म्हणतात, त्यांच्याच जोरावर तो लंडनला पोहोचला.

या सगळ्यामागे एक बाई आहेत, शिवॉन. ख्रिस्तोफर विशेष शाळेत जातो, तिथल्या त्या शिक्षिका. माझ्या मते या कादंबरीतलं सर्वांत मोलाचं पात्र. त्या 'बाळा, शहाण्यासारखं वाग' असं मोघम काही सांगत नाहीत. 'शांत राहा' हे या मुलाला कळत नाही, म्हणून नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही ते सांगतात. त्याने मागितल्यावर त्या कागदावर वेगवेगळे चेहरे काढून देतात, खाली त्यांचा अर्थ लिहून. तो कागद तो खिशात ठेवतो, पण चेहरे इतके भराभर बदलतात की जुळवता येत नाहीत. मग कोणाचं बोलणं कळलं नाही तर तो सरळ विचारायला लागतो की तुम्हाला नक्की काय म्हणायचंय. शेवटी तो पहिला कागद तो फाडून टाकतो. साधन चाललं नाही, दुसरं शोधलं. आपण कधी कधी एखादं शैक्षणिक साहित्य केलं की मूल त्यात बसलंच पाहिजे असा हट्ट धरतो, त्याच्या हे नेमकं उलट आहे. आणि पुस्तक लिही हेही त्याच सांगतात.

उलट बाजूला आहेत मुख्याध्यापिका गॅस्कॉयन बाई. ख्रिस्तोफरला गणिताची ए लेव्हल परीक्षा द्यायचीय. ही साधारण आपल्या बारावीच्या पातळीची, एरवी १८ व्या वर्षी देतात ती. बाई म्हणतात, याला वेगळी वागणूक दिली तर मग सगळेच मागतील. हे वाक्य तुम्ही शिक्षकखोलीत ऐकलंय की नाही? मी ऐकलंय. वडील भांडतात आणि परवानगी मिळवतात. वडिलांची ही बाजूही विसरू नका. तेच खोटं बोलले, त्यांनीच एकदा मुलावर हात उचलला, आणि मुलासाठी शाळेशी भांडलेही तेच.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. निदान झालंय, गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक अधूनमधून येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यात स्वमग्नताही आहे, हे पालकांना माहीत असावं म्हणून इथे लिहून ठेवते. त्याची आई दर पालकसभेला मला एकच प्रश्न विचारते, "मॅडम, हा बाकीच्या पोरांसारखा कधी होईल?" विचारताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत असते. या प्रश्नाला खोटा दिलासा द्यायचा नाही आणि आशाही तोडायची नाही, हे फार अवघड काम आहे हो.

मी तिला माझी वही दाखवते. जूनमध्ये परिपाठाचा स्पीकर लागला की तो वर्गात पळून बाकाखाली बसायचा. दिवाळीनंतर तो कानांवर हात ठेवून व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभा राहायला लागला. आता स्पीकर लागायच्या आधी मी त्याला बोटांनी पाच-चार-तीन-दोन-एक दाखवते, आणि तो स्वतःच कान झाकून तयार असतो. खिचडीत मटकी दिसली की अजूनही ताट सरकवतो, पण आता "वेगळं" असा एक शब्द बोलतो. आईने ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाली, "घरी पण कुकरच्या शिट्टीआधी असंच सांगू का?" तिचा मूळ प्रश्न तिने त्या दिवशी पुन्हा विचारला नाही. पुढच्या सभेला विचारेल, मला माहीत आहे.

तर आता ख्रिस्तोफरची नोंद. 'विशेष प्रगती' मध्ये मी लिहीन: अनोळखी माणसांशी बोलत नसे, तपासासाठी शेजाऱ्यांची दारं वाजवली. एकट्याने तिकीट काढून प्रवास केला. वडिलांनी नको म्हटलेल्या गोष्टी टाळून त्याबाहेरचा प्रश्न शेजारच्या आजींना विचारला (ही पळवाट शोधण्याची हुशारी पण प्रगतीच, हसू नका). परीक्षेत श्वास कोंडला, काही सुचेना, तेव्हा १, ८, २७, ६४, १२५ असे घन मोजत स्वतःला सावरलं आणि पेपर लिहिला. आईने ही परीक्षा पुढच्या वर्षावर ढकलली होती, रात्री झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं, तरी त्याला अ श्रेणी मिळाली.

आणि 'सुधारणा आवश्यक'? त्या रकान्यात मी वडिलांचं नाव लिहीन. ख्रिस्तोफर खोटं पकडू शकत नाही, त्याला शब्द म्हणजे शब्द. अशा मुलाशी 'त्याच्या भल्यासाठी' बोललेलं खोटं किती महाग पडतं ते इथे दिसतं. तो वडिलांची पसरलेली बोटं बघतो आणि आपली बोटं टेकवत नाही. पण वडीलही शिकतात. शेवटी ते स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणतात, पाच मिनिटं लावतात आणि म्हणतात, एवढा वेळ बोलू, मग तू जाऊ शकतोस. विश्वास परत यायला लागेल तितका वेळ लागू दे, याची त्यांची तयारी असते. त्याला ते एक पिल्लू आणून देतात, सँडी. मुलाला कळेल अशा भाषेत माफी मागणं म्हणजे काय, ते त्या पाच मिनिटांत आहे.

या पुस्तकावर टीकाही झाली आहे आणि ती योग्य आहे. स्वतः स्वमग्न असलेल्या अनेक वाचकांनी म्हटलं की आमच्यातला प्रत्येक जण काही गणिती नसतो. हॅडन यांनीही सांगितलंय की आपण त्या विषयातले जाणकार नाही आणि हे पुस्तक अ‍ॅस्पर्जरवर नाही. तेव्हा याकडे माहितीपुस्तक म्हणून बघू नका. माझ्या वर्गातल्या मुलाला शंभरच्या पुढे मोजता येत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

कादंबरीच्या शेवटी ख्रिस्तोफर आपण काय काय केलं ते मोजतो आणि यावरून आपण काहीही करू शकतो असं ठामपणे लिहितो. सायमन स्टीफन्स यांनी २०१२ मध्ये याचं नाटक केलं, त्यात हेच वाक्य प्रश्न झालंय. तो शिवॉनना पुन्हा पुन्हा विचारतो, म्हणजे मी काहीही करू शकतो का? शिवॉन उत्तर देत नाहीत. मी असते तर दिलं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं ते जरूर कळवा.

जाता जाता पालकांसाठी: पुस्तकात मोठ्यांच्या तोंडी भरपूर शिव्या आहेत, मारहाणही आहे. प्राथमिकच्या मुलांच्या हाती देऊ नका. आठवी-नववीच्या मुलांबरोबर वाचायला हरकत नाही, पण आधी तुम्ही वाचा.